उत्तर आलं होतं

मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला श्रियाला तिनंच लिहिलेलं वाक्य वाचायला मिळालं. गेल्या सात-आठ महिन्यांत ते वाक्य किती जणांनी वाचलं असेल, किती जणांना फोनवरून वाचून दाखवलं गेलं असेल. तिच्या वाट्याला ते आज पहिल्यांदा आलं. ओवी मांडीवर आडवी होती, एक पाय कीबोर्डवर, तोंडात स्वतःचीच मूठ. ताप उतरून चार दिवस झाले तरी श्रियाचा तळहात घटकेघटकेला तिच्या कपाळावर जाऊन येत होता, दारावरची कडी लावली की नाही ते पुन्हा पुन्हा पाहावं तसा. पडद्यावर फिकट निळी चौकट होती आणि चौकटीत अक्षरं: 'आपला रिपोर्ट यायचा आहे. काळजी नसावी.' ओवीची लघवी तपासायला शुक्रवारी मुंबईच्या लॅबमध्ये गेली होती. तीन दिवस लागतात. शनिवार, रविवार, सोमवार. आणि मंगळवारही निम्मा सरला. मग यायचा आहे म्हणजे काय? आणि काळजी नसावी हे सांगतंय कोण? हे सांगणाऱ्याला काही ठाऊक आहे का? श्रियाला एकदम आठवलं की ठाऊक नसतं. सांगणाऱ्याला काही ठाऊक नसतं तेव्हाच तो हे सांगतो. तिनंच तसं लिहून ठेवलं होतं.

लिहिलं तेव्हा एप्रिल होता, ओवी पोटात सात महिन्यांची होती, आणि महाडच्या त्या उकाड्यात टेबलफॅनसमोर बसून लिहिण्याइतकं गार काम दुसरं नव्हतं. डॉक्टर कालिंदीबाईंचा बाळंतपणाचा आणि मुलांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच. तिथून रक्ताचे नमुने मुंबईला जात आणि रिपोर्ट पाकिटातून येत, कधी एसटीच्या पार्सलातून, कधी वीर स्टेशनवर उतरलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून. मग लॅबनं आपला एक पत्ता दिला. त्या पत्त्यावर नमुन्याचा नंबर पाठवला की उत्तरादाखल एक ओळ यायची: नाव, तपासणी, आकडा, मधे उभ्या रेघा. ती ओळ कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. म्हणून कालिंदीबाईंनी श्रियाला बोलावलं. "कम्प्युटरची पदवी घेऊन पापड लाटतेस का घरी? मला एक पान करून दे. काउंटरवरच्या शकूनं नंबर टाकला की रिपोर्ट दिसला पाहिजे." श्रियानं ते केलं. पान मागच्या मागे मुंबईला जायचं, तिथलं उत्तर एकेक ओळ करून वाचायचं, रेघांवर तोडायचं आणि तुकडे मराठी चौकटीत नीट मांडायचं. पहिल्यांदा एका अनोळखी बाळाचं हिमोग्लोबिन महाडच्या पडद्यावर उमटलं तेव्हा पोटातल्या ओवीनं लाथ मारली होती. तिला वाटलं, हिलाही कळलं.

उत्तर आलंच नाही तर? हाही प्रश्न तेव्हाच आला होता, कारण महाडच्या लायनीचा काय भरवसा. तिनं आधी सरळ लिहिलं होतं, 'एरर. उत्तर मिळाले नाही.' कालिंदीबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "एरर-बिरर काढ ते. कांगोरीच्या डोंगरातनं माणसं येतात माझ्याकडे, शकू त्यांना एरर म्हणाली की ती समजतात मूल गेलं. काहीतरी घरगुती लिही." आणि घरगुती म्हणताच श्रियाच्या बोटांतून ते दोन शब्द उतरले, विचारसुद्धा करावा लागला नाही. पोलादपूरला तिचे वडील शाळेत मास्तर होते. ती पुण्याला शिकायला होती तेव्हा दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड येई, आणि शेवटी ठरलेलं: इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी. एका सप्टेंबरात आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस आई खाटेवर होती, आणि त्या पंधरवड्यातल्या दोन्ही कार्डांवरही हेच. दिवाळीला घरी गेल्यावर तिनं आईच्या पोटावरचा व्रण पाहिला. वडिलांशी दोन दिवस बोलली नाही. ते नुसते म्हणाले, "तुला कळवून काय झालं असतं? तू परीक्षा टाकून आली असतीस." तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं की आपण कुणाला असं कधी लिहायचं नाही. आणि सात वर्षांनी, टेबलफॅनच्या वाऱ्यात, पोटावर हात ठेवून तेच लिहिलं. रागसुद्धा किती विसराळू असतो.

ओवीनं पायानं कीबोर्ड दाबला आणि पडद्यावर 'ममममम' उमटलं. "हो, कळलं," श्रिया म्हणाली. तिनं ते खोडलं आणि आपलं पान बाजूला सारून लॅबचा पत्ता तसाच, उघडाच, ब्राउजरमध्ये टाकला. एवढे महिने तिचं पान तिच्या वतीनं तिथे जाऊन येत होतं; ती स्वतः एप्रिलनंतर गेली नव्हती. तिला वाटलं होतं, लाइन मेलेली असेल, पान पांढरं राहील. पण पान उमटलं. लगेच उमटलं. वर लॅबचं चित्र, खाली इंग्रजीत चार ओळी: वीस नोव्हेंबरपासून आमच्या रिपोर्टांचा पत्ता बदलला आहे, कृपया नवीन पत्ता वापरावा, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

तिनं ते दोनदा वाचलं. उत्तर येत होतं. चौदा दिवस रोज येत होतं. तिचं पान विचारायला जायचं, पलीकडून 'ठीक' म्हणून खूण यायची, दोनशे आकड्याची, सगळं सुरळीत असल्याची, आणि पाठोपाठ ही सूचना. पण तिनं पानाला शिकवलं होतं की ओळीच्या सुरुवातीला अमुक तीन अक्षरं असली तरच ते उत्तर. नसली तर उत्तर नाहीच. आणि उत्तर नाही तर निळी चौकट. दारात पोस्टमन रोज उभा राहत होता आणि आतलं माणूस त्याचा गणवेश ओळखीचा नाही म्हणून रोज 'कुणी आलं नाही' असं सांगत होतं, शिवाय हसून.

नव्या पत्त्यावर तिनं आधी ओवीचाच नंबर टाकला. त्या क्षणी जगात दुसरं मूल नव्हतं. हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. 'बी ओ श्रिया', कल्चर, नो ग्रोथ. म्हणजे जंतूंची वाढ नाही. स्वच्छ. लॅबच्या लेखी मुलांना नावं नसतातच, सगळी आपापल्या आयांची. जन्मल्यावर दिलेला तो 'बेबी ऑफ' तसाच चिकटून राहिलेला. श्रियानं ओवीच्या टाळूवर ओठ टेकले, तिथल्या खोबरेलाचा वास घेतला, आणि सुटलेल्या श्वासासरशी तिच्या अंगावर दुसरंच काही सरसरून आलं. चौदा दिवस. मग आणखी कोण कोण?

पानात जमा होणाऱ्या शकूच्या यादीत ओवी सोडून वीस तारखेनंतरचे अकरा नंबर होते. तिनं एकेक टाकला. एका हातानं ओवीला थोपटत, दुसऱ्या हातानं. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्यात थोडी कावीळ, पण ते पोर परवाच दवाखान्यात येऊन गेलं होतं, बरं होतं. सातवा: 'बी ओ रेश्मा'. टाचेचं रक्त, जन्मल्यापासून तिसऱ्या दिवशी घेतलेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. आकडा शंभराच्या वर, आणि त्याच्यापुढे इंग्रजी एच, म्हणजे हाय, आणि एचच्या पुढे धोक्याच्या दोन चांदण्या. तारीख एकवीस नोव्हेंबर. ती चांदण्यांकडे बघत राहिली. आज चार डिसेंबर. ते तीन दिवसांचं बाळ आता वीस दिवसांचं झालेलं होतं.

तिनं ते बाळ पाहिलं होतं. ओवीला लस टोचायला गेली होती त्या दिवशी बाकावर शेजारी पोलादपूरपलीकडच्या कापडे गावची एक म्हातारी बसली होती, राहीबाई, मांडीवर नातू. आत सून, रेश्मा, घरी सोडण्याच्या कागदांवर अंगठा की सही ते विचारत होती. ओवी लस टोचल्यापासून दवाखाना डोक्यावर घेत होती. राहीबाईंनी आपल्या मांडीवरच्या गाठोड्याकडे कौतुकानं पाहिलं होतं. "आमचा बघ. टाचेत सुई घातली तरी हूं नाय चूं नाय. गुनाचा हाय. पाजायलापन उठवाया लागतो." आणि श्रिया काय म्हणाली होती? पाच महिन्यांत सलग दोन तास न झोपलेली श्रिया मनापासून, हेव्यानं म्हणाली होती, "नशीबवान आहात हो." ते शब्द आता खोलीत कुणीतरी मोठ्यानं उच्चारल्यासारखे तिला ऐकू आले.

गल्ली कशी ओलांडली ते तिला कळलं नाही. ओवी कडेवर, पायांत दोन वेगळ्या चपला. दवाखान्यात दुपारची माणसं होती. शकू, काउंटरवरची, बिरवाडीहून रोज टमटमनं येणारी, डबा उघडत होती. "काय गो, वयनी? जेवलीस?" "शकू, कापड्याचा फोन आला होता का? रेश्माच्या घरून?" "आला की. चारदा आला. म्हातारी दुकानातनं करते. मी दर टायमाला वाचून दाखवते, यायचा हाय, काळजी नसावी. खूश होते बिचारी. म्हणते, तुमच्या मशिनीची भाषा चांगली हाय."

कालिंदीबाईंनी श्रियानं उतरवून आणलेला कागद हातात घेतला, आकडा वाचला आणि समोरच्या पेशंटला म्हणाल्या, "दोन मिनिटं बाहेर बसा." मग दार लावलं. श्रिया भराभरा सांगायला लागली, पत्ता बदलला, मी तीनच अक्षरं बघत होते, माझी चूक, आणि सांगता सांगता रडायला लागली. "रडायचं ते संध्याकाळी घरी जाऊन रड," बाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. "पूर्वी असा आकडा आला की लॅबचा माणूस मला फोन करायचा. तो मीच बंद करवला. म्हटलं, आता आम्ही इथेच बघतो. तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर लिही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ऐक. त्या बाळाची गळ्यातली ग्रंथी काम करत नाही. औषध म्हणजे रोज एक गोळी, बस. गोळी मिळाली तर पोरगा शाळेत जाईल, डोंगर चढेल, सगळं करील. नाही मिळाली तर मेंदू वाढायचा राहतो, आणि राहिलेला मागाहून भरून निघत नाही. दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात. आपल्याला वीस दिवस झाले. अजून हातातून गेलेलं नाही, पण उद्यावर टाकायचं नाही. वजन करायचं, रक्त परत घ्यायचं आणि आजच पहिला डोस." "फोन करू त्यांना?" "कर. पण येतील असं धरू नकोस. सव्वा महिना व्हायच्या आत त्या लोकांत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी म्हातारीला ओळखते."

फोन कापड्याच्या दुकानात लागला. दुकानदार महिपत म्हणाला, "राहीबाय खळ्यावर हाय, भात झोडतायत. सांगतो. काय, रिपोट बरा हाय ना?" श्रियाच्या तोंडाशी पुन्हा तेच शब्द आले. तिनं ओठ दातांखाली धरला. "बरा नाही," ती म्हणाली. "मी येतेय. त्यांना घरीच थांबायला सांगा."

दवाखान्याखालच्या सयाजीची रिक्षा होती. गंधार, तिचा नवरा, कंपनीत पहिल्या पाळीला. चारशिवाय सुटणार नाही, आणि ओवीला ठेवायचं तरी कुणापाशी? तिला टोपडं, वरून शाल, वरून स्वतःचा पदर असं गुंडाळून ती बसली. हायवेला लागल्यावर वाऱ्यानं टोपडं फडफडायला लागलं. ताप परत आला तर? आपण हे काय करतोय? आपल्या आजारातून उठलेल्या लेकीला रस्त्यावर काढून दुसऱ्याच्या... आणि मग तिला 'दुसऱ्याच्या' या शब्दाचीच लाज वाटली. एकवीस तारखेला त्या चांदण्या मुंबईत छापल्या गेल्या तेव्हा आपण काय करत होतो? बुधवार होता. ओवीला पहिल्यांदा वरणाचं पाणी दिलं होतं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, गंधारनं फोटो काढला. बाविसाव्या तारखेला ओवी पालथी पडली. तिच्या प्रत्येक दिवसात काहीतरी नवीन घडत होतं. श्रियानं वहीत लिहून ठेवलं होतं, आज हसली, आज आवाजाच्या दिशेनं वळली. आणि त्याच प्रत्येक दिवसात तिकडे कापड्याला एक बाळ शांत झोपून होतं, घरातली माणसं आवाज न करता वावरत होती, गुणाचं आहे, झोपू दे. पोलादपूर गेलं. वडिलांच्या शाळेचं कौलारू छप्पर उजवीकडून सरकलं. थांबून त्यांना बरोबर घ्यावं असा मोह झाला तिला. मास्तरांचा शब्द कापड्यात कुणी मोडला नसता. पण ते काय बोलले असते ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिला आज नको होतं. सयाजी आरशातून बघत होता. "वयनी, पोर धा मिंट रडली नाय. झोपली का काय?" श्रियानं दचकून शाल बाजूला केली. ओवी टक्क जागी होती आणि रिक्षाच्या छतावरचे झेंडूचे प्लास्टिकचे हार बघत होती.

राहीबाई अंगणातच उभी होती, केसांत भाताचं तूस, पदर खोचलेला. "ये गो. पोरगीपन आनलीस? बरं केलंस. महिपत काय बाय बरळत होता. बस, च्या टाकते." घरात शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास. रेश्मा बाजेवर बसलेली, विशी-एकविशीची, कानाला फडकं बांधलेलं, आणि तिच्या मांडीशी ते. वीस दिवसांत तोंड जरासं भरलं होतं, पण रंग अजून पिवळट होता. डोळे मिटलेले. जीभ ओठांमधून किंचित बाहेर. उशाशी कोयता ठेवलेला, दृष्ट लागू नये म्हणून. "नाव ठेवलं?" श्रियानं विचारलं, खरं तर तिला काहीतरी विचारायचं होतं म्हणून. "दीपक मुंबैस्नं आला का ठेवू," रेश्मा नवऱ्याबद्दल म्हणाली. "सुट्टी गावत नाय त्यांना."

मग श्रियानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसली असती तर सांगता आलं नसतं. गळ्यातली ग्रंथी, रोजची गोळी, आजच. रेश्माचा हात बाळाच्या छातीवर गेला आणि तिथेच राहिला. राहीबाई ऐकत होती, मग हसली. "तू चुकतेस गो, बाय. दुसऱ्याचा आसंल. आमच्यावाल्याचं शकूबाय सांगते ना फोनवर. काळजी नसावी म्हनून सांगते. चारदा सांगितलान."

"ते मी लिहिलंय, आजी."

"तू? तू डाक्टरीण हायस?"

"नाही. शकूच्या मशीनवर काय दिसावं ते मी लिहिते. रिपोर्ट आला होता. तेरा दिवस झाले. पण मी मशीनला तो ओळखायला शिकवलं नव्हतं. त्याला काही कळलं नाही की त्यानं ते म्हणायचं, असं मी लिहून ठेवलंय." "तुम्ही चार वेळा विचारलंत आणि चारही वेळा तुम्हाला मी खोटं सांगितलं."

बाहेर सयाजी नळावर तोंड धूत होता. "शिकलेली हायस," ती शेवटी म्हणाली, सावकाश, एकेक शब्द पारखून बाजूला ठेवल्यासारखी. "शिकलेल्या मान्सानं नाय माहीत तर नाय माहीत म्हनावं. आमाला काय, आमी मंग दारात येऊन बसलो आसतो. आमाला चालायची भीती नाय." श्रियानं मान खाली घातली. तिला वाटलं, हिनं आता आपल्याला हाकलून द्यावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान... निदान काय? आपल्याला बरं वाटावं म्हणून? "पन सव्वा महिना झाल्याबिगर मी दोघांना भाईर काढायची नाय. वाऱ्यावर जायला सांगतेस त्याला? झोपतो, पितो, तरास नाय. आजारी मूल आसं आसतं?"

त्याच वेळी ओवीला भूक लागली. तिची भूक म्हणजे पूर्वसूचना नाही, एकदम टाहो. घर दणाणलं. कोनाड्यातली मांजर उठून गेली, बाहेरून सयाजीनं "काय झालं?" म्हणून हाक दिली. ओवी लाल झाली, पाठीची कमान केली, मुठी वळल्या. श्रिया ओशाळून तिला पदराआड घ्यायला लागली. "थांब," राहीबाई म्हणाली. ती ओवीकडे बघत नव्हती. बाजेवरच्या बाळाकडे बघत होती. एवढ्या आवाजात, हातभर अंतरावर, त्याची पापणी हलली नव्हती. मूठ वळली नव्हती. रेश्मानंही ते पाहिलं. राहीबाई वाकली आणि त्याच्या कानाशी टाळी वाजवली. एकदा. मग आणखी जोरानं. बाळानं खूप सावकाश, पाण्याखालून वर आल्यासारखे, डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

"आत्या," रेश्मा सासूला म्हणाली, "माझी चादर द्या."

"सव्वा महिन्याचं..."

"ते तुमी बगा. मी चालले."

राहीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग चादर दिली, आणि चादरीच्या घडीत कोयता सरकवला. उंबऱ्यापाशी तांब्याभर पाणी ओतलं, कुणाला तरी उद्देशून काही पुटपुटली, आणि स्वतःच पहिल्यांदा बाहेर पाऊल टाकलं. रिक्षात मागे तिघी आणि दोन मुलं. ओवी पिऊन झोपली. बाळ झोपलेलंच होतं. एका वळणावर रेश्मा पुढे हेलकावली तेव्हा श्रियानं नकळत त्याच्या डोक्याखाली हात धरला. टाळू गार आणि मोठी लागली, ओवीच्यापेक्षा खूप मोठी. तो हात तिनं काढला नाही, रेश्मानंही काढ म्हटलं नाही. महाड येईपर्यंत हाताला मुंग्या आल्या. पोलादपूरच्या पुढे राहीबाईंनी विचारलं, "येडा व्हईल का गो तो?" आणि श्रियाला जिभेवर आलेली सगळी गोड उत्तरं एकेक करून मागे ढकलावी लागली. "मला माहीत नाही, आजी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, आज सुरू केलं तर अजून वेळ गेलेली नाही. एवढंच मला माहीत आहे." राहीबाईंनी मान हलवली. या उत्तरानं तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पण ती टेकून बसली.

दवाखान्यात शकूनं डोळे पुसत दार धरलं. बाकीच्या दहा जणांना तिनं दुपारभर फोन केले होते. वजन झालं. रक्त घेताना बाळ रडलं, घोगरं, उशिरा, सुई काढून झाल्यावर, तरी रडलं. कालिंदीबाईंनी राहीबाईंपुढे हात जोडले नाहीत की सबब सांगितली नाही. "माझ्याकडून उशीर झाला," एवढंच म्हणाल्या, आणि कागदावर ब्लेडनं गोळीचा तुकडा पाडला, दोन चमच्यांमध्ये दाबून त्याची पूड केली. "आईचं दूध हवं. थोडंसंच." राहीबाईंनी पदराचा आडोसा धरला, रेश्मानं चमच्यात दूध काढलं. पांढऱ्यात पांढरं विरघळलं, काही दिसेनासं झालं.

राहीबाईंनी चमचा घेतला. तो श्रियापुढे धरला. "तू दे."

"मी? आई देईल ना. रेश्मा..."

"ती रोज देनारच हाय. पयली तू दे."

हे काय होतं ते श्रियाला कळलं नाही. माफी की शिक्षा, की गावात ज्याच्या हातून काही सांडलं त्यानंच ते पुसायचं, तसला साधा रिवाज. तिनं रेश्माकडे पाहिलं. रेश्मानं बाळाचं डोकं जरा उंच धरलं, तिच्या दिशेनं. ओठ मिटलेले होते. श्रियानं ओवीला भरवताना करते तसं केलं, करंगळीनं गालाला, ओठाच्या कोपऱ्यापाशी, हलकंच डिवचलं. काही नाही. पुन्हा. मग तोंड त्या बाजूला किंचित वळलं, अगदी दाण्याएवढं, आणि उघडलं. तिनं चमचा तिरपा केला. दूध जिभेवर थांबून राहिलं. थेंबभर ओठातून बाहेर यायला लागला, तो तिनं चमच्याच्या काठानं आत लोटला. खोलीत चार बायका श्वास धरून एका बोटभर गळ्याकडे बघत होत्या. तिथे काही हललं नाही, आणि काही हललं नाही, आणि मग कातडीखाली एक बारीकशी लाट खाली गेली.

"गिळलान," राहीबाई म्हणाली. मग डॉक्टरांकडे न बघता तिनं श्रियालाच विचारलं, "उद्या किती वाजता द्याची?"

"सकाळी. पाजायच्या आधी. रोज एकाच वेळेला."

"घड्याळ दीपकच्या खोलीवर हाय, मुंबैला. आमची पयली एसटी पावनेसातला फाट्यावर हारन मारते. तवा दिली तर चालंल?"

श्रियानं कालिंदीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"चालेल," ती म्हणाली. "पण गाडी कधी आली नाही तर?"

"नाय आली तर कोंबडा हाय," रेश्मा म्हणाली, आणि चमच्याला लागून राहिलेलं पांढरं बोटानं निपटून तिनं बाळाच्या ओठांना लावलं.